कोकणातल्या घरात स्वमग्न मूल वाढवताना

मूल उशिरा बोलू लागले, की वडीलधाऱ्यांचे उत्तर तयार असते: याचा बापही चार वर्षांचा होईपर्यंत तोंड उघडत नव्हता, आज बघा, मुंबईत नोकरीला आहे. काही घरांत ते खरेही ठरते आणि त्यामुळेच त्यावर सगळे विसंबून राहतात. परंतु नुसते उशिरा बोलणे वेगळे आणि स्वमग्नता (ऑटिझम) वेगळी. या दोहोंतला फरक मुलाला किती शब्द येतात यावरून कळत नाही; शब्द येण्याच्या आधीच्या काही गोष्टींवरून तो कळतो.

दीड वर्षाचे मूल दाभोळच्या धक्क्यावर आत्याच्या कडेवर बसले आहे आणि खाडीतून धोपाव्याची फेरीबोट येत आहे, असे समजा. बहुतेक मुले त्या क्षणी फेरीकडे पाहतात, तिच्याकडे बोट दाखवतात आणि लगेच वळून आत्याच्या तोंडाकडे पाहतात. मुलाला फेरी हवी नसते. आपण पाहिले ते हिनेही पाहिले ना, एवढीच खात्री त्याला करून घ्यायची असते. स्वमग्न मुलात नेमकी ही तिसरी गोष्ट उशिरा येते, क्वचित येते किंवा मुद्दाम शिकवावी लागते. त्याला फेरी दिसते, कदाचित इतरांपेक्षा बारकाईने दिसते, इंजिनाच्या आवाजातला बदलही कळतो, पण तो आनंद दुसऱ्याच्या नजरेशी जोडण्याची ओढ त्याच्यात आपोआप जागी होत नाही. हवी असलेली वस्तू मिळवण्यासाठी अशी पुष्कळ मुले मोठ्यांचे मनगट धरून ते डब्याकडे नेतात. दाखवण्यासाठी मात्र बोट वर करत नाहीत.

म्हणून वर्षाचे झालेले मूल नावाने हाक मारल्यावर वळत नसेल, दीड वर्षापर्यंत काही दाखवण्यासाठी बोट करत नसेल, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द किंवा दोन वर्षांपर्यंत स्वतःचे दोन शब्दी वाक्य बोलत नसेल, तर वाट पाहू नये. आणि आलेले शब्द किंवा हसणे-खेळणे कोणत्याही वयात मागे पडू लागले, तर एक दिवसही थांबू नये. अशा वेळी पहिली तपासणी कानांची करावी. ऐकू न येणारे मूलही हाकेला वळत नाही, आणि ऐकू येते का हे तपासणारी बेरा ही चाचणी झोपलेल्या मुलावरही करता येते.

स्वमग्नता म्हणजे मेंदूची जडणघडण जन्माआधीपासूनच थोड्या वेगळ्या रीतीने होणे. तिचा परिणाम दोन बाजूंनी दिसतो. एक बाजू माणसांशी होणाऱ्या देवाणघेवाणीची असते: नजर, हावभाव, संवादाची पाळी, दुसऱ्याच्या मनात काय आहे याचा अंदाज. दुसरी बाजू पुनरावृत्तीची आणि संवेदनांची असते: हात फडफडवणे, वस्तू रांगेत लावणे, एकाच विषयाचा ध्यास, ठरलेल्या क्रमात बदल झाला की होणारी तगमग, आणि आवाज, स्पर्श, वास, प्रकाश हे सर्वसाधारण माणसापेक्षा फार तीव्र किंवा फार मंद जाणवणे. अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ मध्ये निदानाचे नियम बदलले, तेव्हा ॲस्पर्जरसारखी वेगवेगळी नावे काढून टाकून सगळ्यांना एकाच वर्णपटात घेतले आणि मुलाला मदत किती लागते यावरून तीन पातळ्या ठरवल्या. या पातळ्यांचा अर्थ शिडीच्या पायऱ्यांसारखा लावू नये. अस्खलित बोलणारा एखादा मुलगा बाजारातल्या गोंगाटाने कोलमडतो, तर एक शब्दही न बोलणारी मुलगी एसटीचे सगळे थांबे क्रमाने ओळखते. दोघांना लागणारी मदत निराळी असते आणि तीही वयानुसार, दिवसानुसार बदलते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ मध्ये जगभरात सुमारे १२७ व्यक्तींमागे एक व्यक्ती स्वमग्न होती. जगाची सरासरी एकाच गावाला जशीच्या तशी लावता येत नाही हे मान्य, पण अडीच हजार वस्तीच्या गावाला ती लावून पाहिली तर आकडा विसाच्या आसपास जातो. आपल्या गावात असे कोणीच नाही, असे जेव्हा सांगितले जाते, तेव्हा ती माणसे बहुधा 'वेडसर', 'हट्टी' किंवा 'मुके' या नावांखाली कुठल्यातरी वाडीत असतात.

आईवर येणारा आळ

कारणांबाबत जे ठामपणे सांगता येते ते असे, की आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. त्यात एकच एक जनुक नसते, अनेक जनुकांचा मिळून परिणाम होतो. घरात एक मूल स्वमग्न असेल तर पुढच्या भावंडात ती शक्यता साधारण पाचात एक इतकी आढळली आहे, त्यामुळे धाकट्याकडे पहिल्या वर्षापासूनच लक्ष ठेवावे. आईवडिलांचे वाढलेले वय आणि फार अपुऱ्या दिवसांचा जन्म यांचाही संबंध दिसतो. मुलग्यांमध्ये निदान अधिक होते, परंतु मुलींची लक्षणे सहज झाकली जातात. शांत, आज्ञाधारक, एकटी खेळणारी मुलगी आपल्याकडे कौतुकाचा विषय असते.

आईने ग्रहण पाळले नाही, आई नोकरीला जाते, आईला मुलाचा लळाच नाही, हे आळ मात्र निराधार आहेत. गेल्या शतकाच्या मध्यावर पाश्चात्त्य डॉक्टरांनीही थंड स्वभावाच्या आयांना दोषी धरले होते आणि ती समजूत पुढे पूर्णपणे खोटी ठरली. आपल्या सासवांना त्यांच्यापेक्षा अधिक दोष देण्याचे कारण नाही. लसीविषयीची भीतीही अशाच चुकीतून आली. गोवर-गालगुंड-रुबेला लसीचा स्वमग्नतेशी संबंध जोडणारा निबंध १९९८ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला, २०१० मध्ये तो मागे घेतला गेला, आणि दरम्यान लाखो मुलांच्या अभ्यासांत तसा संबंध आढळला नाही. लस चुकवल्याने स्वमग्नता टळत नाही, गोवर मात्र होऊ शकतो. मोबाइलमुळे स्वमग्नता होते हेही खरे नव्हे. तासन्‌तास पडद्यासमोर बसलेल्या मुलाशी बोलणारे माणूस मात्र उरत नाही आणि त्याची भाषा मागे पडते, म्हणून पडदा कमी करणे योग्यच आहे.

देवाला गाऱ्हाणे घालणे, कौल लावणे हा कोकणातल्या घरांचा आधार आहे आणि त्याच्याशी भांडण्याचे कारण नाही. भांडण आहे ते वाया जाणाऱ्या महिन्यांशी. कौल उजवा येईपर्यंत तपासणी पुढे ढकलणे, किंवा 'बाहेरचे' आहे म्हणून मुलाला धुरी देणे, चटके देणे, उपाशी ठेवणे, या गोष्टी मुलाचे नुकसान करतात. गाऱ्हाणे आणि दवाखाना दोन्ही एकाच आठवड्यात होऊ शकतात.

तपासणीचा रस्ता

तो अंगणवाडीपासून सुरू होतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके २०१३ पासून अंगणवाड्यांत आणि शाळांत मुले तपासतात, आणि वाढीत विलंब आढळलेल्या मुलांना जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवणे हा त्या कार्यक्रमाचाच भाग आहे. पथकातील डॉक्टर एका दिवसात बरीच मुले पाहतात, त्यामुळे 'वजन चांगले आहे' एवढ्यावर समाधान न मानता आईने स्वतःहून सांगावे, की हा हाकेला वळत नाही. सांगण्याबरोबर मोबाइलवर घेतलेले दोन-तीन मिनिटांचे चित्रीकरण दाखवावे, कारण परक्या खोलीत मूल वेगळेच वागते. मोबाइलचा इतका चांगला उपयोग घरात क्वचितच होत असेल.

निदानासाठी रक्ताची किंवा मेंदूच्या छायाचित्राची चाचणी नाही. बालरोगतज्ज्ञ, मानसोपचारतज्ज्ञ किंवा चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ मुलाला पाहून, आईवडिलांशी सविस्तर बोलून ते करतात. भारतात दिव्यांग प्रमाणपत्रासाठी 'इसा' ही ४० प्रश्नांची भारतीय मोजपट्टी वापरली जाते. तिच्यात ७० किंवा अधिक गुण आले तर स्वमग्नता धरतात, आणि वाढत्या गुणांनुसार सौम्य, मध्यम, तीव्र असे वर्गीकरण होते. त्याबरोबर फिट येते का, झोप कशी आहे, शौचाला त्रास होतो का, दात दुखतात का, हेही विचारले गेले पाहिजे, कारण स्वमग्न मुलांत फिट्स, निद्रेच्या तक्रारी आणि पोटाचे त्रास अधिक आढळतात, आणि ज्याला दुखणे सांगता येत नाही तो ते वागण्यातून दाखवतो.

खरी अडचण पुढे येते. वाचा-भाषा उपचार आणि व्यवसायोपचार (ऑक्युपेशनल थेरपी, म्हणजे रोजची कामे जमावीत यासाठीचा सराव) आठवड्यातून दोन-तीनदा घ्या, असे कागदावर लिहून मिळते. देवगडच्या किंवा गुहागरच्या आडवळणी वाडीतून त्यासाठी रत्नागिरी, कोल्हापूर, गोवा किंवा मुंबई गाठायची म्हणजे एक दिवस, एक मजुरी आणि घाटातल्या वळणांवर होणाऱ्या उलट्या. कित्येक घरे दोन-तीन महिने रेटतात आणि सोडून देतात. मग आपण मुलासाठी काहीच करत नाही, ही टोचणी उरते. या लेखातले माझे मुख्य म्हणणे याच ठिकाणी आहे: उपचारकाने मुलाला तासभर बसवण्यापेक्षा आईवडिलांना शिकवावे, आणि आईवडिलांनी ते घरातल्या रोजच्या कामांत वापरावे, ही गरिबाची तडजोड नाही, हा मार्ग अभ्यासाने तपासलेला आहे. शेजारच्या गोव्यात आणि पाकिस्तानातील रावळपिंडीत २ ते ९ वर्षांच्या ६५ स्वमग्न मुलांवर असा एक अभ्यास झाला व २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात विशेषज्ञ नसलेल्या, परंतु प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी पालकांना शिकवले, पालक आणि मूल खेळतानाचे चित्रीकरण पालकांनाच दाखवून त्यावर चर्चा केली. त्या पालकांचे मुलाशी जुळवून घेणे वाढले आणि मुलांनी स्वतःहून संवाद सुरू करण्याचे प्रमाणही वाढले. अभ्यास लहान होता आणि सगळ्याच गोष्टी सुधारल्या नाहीत, तरीही आपल्यासारख्याच घरांत तो झाला, हे महत्त्वाचे आहे.

अंगणातील करवंट्या

यात पालक नेमके काय करतात, ते जवळून पाहू. मूल अंगणात बसून नारळाची करवंटी गरगर फिरवत आहे. आपली पहिली ओढ ती काढून घेण्याची आणि हातात चित्रांचे पुस्तक देण्याची असते. तसे न करता दुसरी करवंटी घेऊन त्याच्या समोर, त्याच्या डोळ्यांच्या पातळीवर, जमिनीवर बसावे आणि तीही फिरवावी. काही बोलू नये. थोड्या वेळाने तो आपल्या करवंटीकडे पाहील. तेव्हा फिरवताना एकच शब्द म्हणावा, "फिर". करवंटी थांबली की हात वर धरून थांबावे, मनात दहापर्यंत मोजावे. इथे मोठ्या माणसांचा धीर सुटतो. आपण "बोल, बोल ना, फिर म्हण" असा लकडा लावतो आणि मूल पाठ फिरवते. थांबल्यास तो कदाचित आपल्या हाताला धक्का देईल, करवंटी पुढे सरकवेल, क्षणभर डोळ्यांत पाहील किंवा 'फ' एवढाच आवाज काढेल. तेच बोलणे समजून लगेच करवंटी फिरवावी. दिवसातून दोन-तीनदा दहा-दहा मिनिटे एवढेच करावे. आठवडाभराने त्याच खेळात "थांब" येतो, मग "माझी पाळी" येते, आणि पाळी आली की संवादाचा सांगाडा उभा राहिला.

कामे शिकवण्याची रीतही अशीच बारीक असते. मे महिन्यात घरात रातांब्यांचा ढीग पडतो, तेव्हा मुलाला बाजूला बसवण्याऐवजी कामात घ्यावे. फळ फोडणे, बिया वेगळ्या करणे, साल रसात भिजवणे, उन्हात पसरणे, असे त्या कामाचे टप्पे पाडावेत आणि शेवटच्या टप्प्यापासून सुरुवात करावी. पहिले काही दिवस मुलाने भिजवलेल्या साली केवळ पसरायच्या. बाकी सगळे आपण करायचे. शेवटचा टप्पा त्याच्या हातून झाल्यामुळे पूर्ण झालेले काम त्याला दिसते आणि पुढच्या दिवशी एक टप्पा मागून जोडता येतो. चिकट रसाचा स्पर्श सहन होत नसेल तर चिमटा किंवा चमचा द्यावा. ज्याच्या त्वचेला तो स्पर्श खरोखर बोचतो, त्याला जबरदस्तीने हात बुडवायला लावून सवय होत नाही, भीती बसते. सदरा घालणे, तांब्याने अंगावर पाणी घेणे, ताट घासणे, हे सारे याच उलट्या क्रमाने शिकवता येते.

न बोलणाऱ्या मुलाला चित्रांची पाने किंवा मोबाइलवरचे चित्रांचे ॲप दिले तर तो आळशी होईल आणि बोलणारच नाही, अशी भीती शिक्षकसुद्धा व्यक्त करतात. अभ्यासांतून तसे दिसलेले नाही. अनेक मुलांत उलट शब्द वाढलेले दिसले. मुंबईच्या आयआयटीत तयार झालेले 'जेलो' हे ॲप मोफत आहे आणि मराठीतही चालते. तेही नको असेल तर घरातल्याच वस्तूंचे फोटो छापून घ्यावेत: पाणी, पेज, भाकरी, झोपाळा, संडास, 'दुखते', 'नको'. यांतला 'नको' सर्वांत आधी शिकवावा. ज्याला नको म्हणता येत नाही, त्याला ताट भिरकावण्याखेरीज दुसरा मार्ग उरत नाही.

आणि मालवणी बंद करू नये. घरी मालवणी, शाळेत प्रमाण मराठी, टीव्हीवर हिंदी यामुळे मुलाचा गोंधळ होतो, एकच भाषा ठेवा, असा सल्ला सर्रास दिला जातो. दोन भाषा कानावर पडल्याने स्वमग्न मुलांची भाषा मागे पडते, असे अभ्यासांत आढळलेले नाही. आजी ज्या बोलीत सहज लाड करते, रागावते, गाते, ती बोली काढून घेतली तर आजीच मुलाशी बोलेनाशी होते, आणि हे नुकसान कुठल्याही उपचाराने भरून निघणारे नाही.

पत्रे, ढोल आणि पाहुणे

स्वमग्न मुलाच्या ज्या वागण्याला आपण हट्ट म्हणतो, त्यातले बरेचसे हट्ट नसते. हट्टात मूल समोरच्याकडे पाहत असते, खाऊ मिळाला की रडे थांबते. संवेदनांचा किंवा बदलाचा भार असह्य होऊन मूल कोलमडते, तेव्हा त्याला काहीच मिळवायचे नसते. ते डोके आपटते, स्वतःला चावते, कान दाबून किंचाळते, आणि त्या वेळी समजावणे, दटावणे, मारणे या तिन्हींनी आवाजात भरच पडते. करायचे ते एवढेच, की माणसे दूर करायची, दिवा मालवायचा, डोक्याखाली उशी सारायची, कमी बोलायचे आणि थांबायचे. विचार नंतर करायचा: अर्धा तास आधी काय झाले होते? कोण आले, काय बदलले, पोट भरले होते का? आठ-पंधरा दिवस हे वहीत टिपले की बहुधा कारण हाती लागते.

कोकणात ही कारणे ऋतूंबरोबर येतात. जूनमध्ये पत्र्यावर कोसळणारा पाऊस, विजांचा कडकडाट, रात्र-रात्र गेलेली वीज. पावसाआधी वाळत घातलेल्या सुक्या मासळीचा वास. शिमग्यात दारात येणारी पालखी, ढोल आणि अचानक पुढे येणारा संकासूर. सर्वांत अवघड मात्र गणपती, कारण त्यात सगळेच एकदम बदलते. चाकरमानी येतात, मुलाची झोपण्याची जागा जाते, खुंटीवरचे कपडे दुसऱ्याचे असतात, माणसे गालगुच्चे घेतात, आणि संध्याकाळी माजघरात झांजा, टाळ, ढोलकी एकदम सुरू होतात. यातले काहीही बंद करावे लागत नाही, पण तयारी पंधरा दिवस आधी सुरू करावी लागते. भिंतीवर दिनदर्शिका लावून रोज एक चौकोन खोडावा. येणाऱ्या काका-काकूंचे फोटो रोज दाखवावेत. मागीलदारची पडवी किंवा माळ्याचा कोपरा फक्त त्याचा, तिथे कोणीही जायचे नाही, हे पाहुण्यांना आधीच सांगावे. कामगार वापरतात ते कान झाकण्याचे साधन हार्डवेअरच्या दुकानात मिळते. आरतीला त्याने पहिल्यापासून उभे राहिलेच पाहिजे असे नाही. झांजा थांबल्यावर, मंत्रपुष्पांजलीला आणून प्रसाद द्यावा, आणि पुढच्या वर्षी पाच मिनिटे आधी आणावे. 'पोराला शिस्त लावली नाही' असे म्हणणारा एखादा भावकीतला असतोच. त्याला पूर्ण लेख समजावत बसण्यापेक्षा, 'त्याच्या कानाला हा आवाज दुखतो', हे एक वाक्य पुरेसे असते, आणि ते खरेही आहे.

पाण्याविषयी हयगय चालणार नाही. अनेक स्वमग्न मुले नजर चुकवून घराबाहेर निघून जातात, आणि त्यांतल्या पुष्कळांना पाण्याची विलक्षण ओढ असते. अशा मुलांच्या अपघाती मृत्यूंत बुडणे हे एक प्रमुख कारण असल्याचे परदेशी अभ्यासांत दिसले आहे. आपल्याकडे तर परसात विहीर, वाटेवर पऱ्ह्या म्हणजे ओढा, खाली खाडी आणि समोर समुद्र. कठडा नसलेल्या विहिरीला कठडा बांधणे आणि वर जाळी टाकणे हा उपचाराच्या खर्चाचाच भाग समजावा. बेड्याला, म्हणजे अंगणाच्या फाटकाला, वरच्या बाजूला कडी लावावी, मुलाच्या मनगटावर किंवा सदऱ्याच्या आत फोन नंबर असावा, आणि वाडीतल्या प्रत्येक घराला, दुकानदाराला, रिक्षावाल्याला त्याचा फोटो दाखवून ठेवावा. मूल दिसेनासे झाले तर आधी पाणी शोधावे, नंतर घरे. शक्य तितक्या लवकर त्याला पोहायला शिकवावे. किनाऱ्यावरच्या मुलाला ते आलेच पाहिजे, याला अधिक आलेच पाहिजे.

शाळा

दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये २१ प्रकारच्या दिव्यांगत्वांची यादी आहे आणि स्वमग्नता तीत आहे. सरकारी व अनुदानित शाळांना दिव्यांगत्वाच्या कारणावरून प्रवेश नाकारता येत नाही, आणि ४० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असलेल्या मुलाला ६ ते १८ वर्षे वयात जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. हक्क कागदावर असला तरी वर्ग कोणता हे पाहावेच लागते. माझ्या मते वाडीतली पंधरा-वीस पटाची जिल्हा परिषदेची शाळा, जिथे गुरुजी मुलाच्या आजोबांनाही ओळखतात, ती तालुक्यातल्या पन्नास मुलांच्या वर्गापेक्षा पुष्कळदा अधिक सोयीची ठरते: आवाज कमी, चेहरे तेच, आणि वेळापत्रक थोडे वाकवता येते. गटसाधन केंद्रातील विशेष शिक्षकांना शाळेत बोलावण्याची मागणी पालकांनी लेखी करावी. दहावी-बारावीत राज्य मंडळाकडून जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. त्यांचे कागद नववीतच तयार ठेवावेत.

वर्गात लहान बदल पुरतात. घंटेपासून दूरची जागा, फळ्यावर दिवसाचा क्रम चित्रांनी, एका वेळी एकच सूचना, आणि कान भरून आले की वर्गाबाहेर पायरीवर पाच मिनिटे बसण्याची मुभा. "बस आता जरा शांत आणि वही काढून कालचे लिही" यात तीन सूचना आहेत. मूल पहिलीवरच थांबते आणि उद्धट ठरते.

औषधे, पैसा आणि पुढचे आयुष्य

स्वमग्नता घालवणारे औषध नाही. टोकाची चिडचिड, स्वतःला इजा करून घेणे, झोप न लागणे किंवा फिट्स यांसाठी डॉक्टर औषधे देतात आणि काही मुलांना त्यांचा खरा उपयोग होतो. त्यांतली काही वजन वाढवतात, गुंगी आणतात, म्हणून तपासण्या चुकवू नयेत आणि औषध मनाने बंद करू नये. मूलपेशींच्या (स्टेम सेल) इंजेक्शनांसाठी जमीन विकणारी कुटुंबे आहेत. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये स्वमग्नतेसाठी मूलपेशी उपचाराची शिफारस करता येत नाही, असे स्पष्ट केले आहे. शरीरातले धातू काढून टाकण्याचे उपचार तर जिवावर बेतू शकतात. 'सहा महिन्यांत बरा करतो' असे जो म्हणेल, त्याच्याकडून उठून यावे.

पैसा आणि वेळ वाचवणारे कागद मात्र मनावर घ्यावेत. स्वावलंबन संकेतस्थळावरून दिव्यांग प्रमाणपत्र व वैश्विक ओळखपत्रासाठी अर्ज करता येतो. तपासणी सरकारी रुग्णालयात होते. लहान वयात मिळालेले प्रमाणपत्र बहुधा ठरावीक मुदतीचे असते, ती तारीख पाहून ठेवावी. राष्ट्रीय न्यास या केंद्र सरकारच्या संस्थेच्या 'निरामय' योजनेत वर्षाला एक लाख रुपयांपर्यंतचे आरोग्य विमा संरक्षण आहे आणि त्यात बाह्यरुग्ण उपचार व थेरपीचा खर्चही ठरलेल्या मर्यादेत धरला जातो, जे साध्या विम्यात सहसा नसते. प्रमाणपत्र घेतल्याने मुलाच्या बहिणीचे लग्न अडेल, अशी कुजबुज अजून ऐकू येते. प्रमाणपत्र घरातल्या कपाटात राहते, गावाच्या फलकावर लागत नाही.

त्या बहिणीचाही विचार हवा. घरातले सगळे लक्ष एकाकडे गेलेले असते, आणि दुसरीने समजूतदारपणे मागे राहावे असे गृहीत धरले जाते. आठवड्यातून एक संध्याकाळ केवळ तिच्यासोबत, तीही स्वमग्न भावाचा विषय न काढता, घालवली पाहिजे. तसेच आईलाही रोज थोडा वेळ सुटका हवी. कोकणात वडील पुष्कळदा मुंबईला किंवा बोटीवर असतात आणि सगळे तिच्या एकटीवर येते. तिची झोप उडाली असेल, जगणे नकोसे वाटत असेल, तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मोफत आणि मराठीतही बोलता येते.

मूल अठरा वर्षांचे झाले, की कायद्याच्या दृष्टीने आईवडील आपोआप त्याचे पालक राहत नाहीत. बँकेतले खाते, वाटणीतली जमीन, शस्त्रक्रियेची संमती, अशा ठिकाणी हे एकदम पुढे येते. जे तरुण स्वतःचे निर्णय घेऊ शकतात, त्यांना पालकाची गरज नसते आणि तसे पालकत्व त्यांच्यावर लादू नये. ज्यांना आधार लागतो, त्यांच्यासाठी राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे कायदेशीर पालकत्वासाठी अर्ज करावा लागतो. सातबाऱ्यावर नावे चढवताना, मृत्युपत्र करताना, या मुलाचा हिस्सा कोणाच्या ताब्यात राहील आणि त्याचे रोजचे कोण पाहील, हे दोन वेगळे प्रश्न मानून दोन वेगळी नावे लिहिणे अनेकदा शहाणपणाचे ठरते. हे बोलणे भावंडांसमोर, आईवडिलांची प्रकृती ठीक असतानाच व्हावे, आणि शक्य असेल तिथे ज्याच्याविषयी ते चालले आहे, त्यालाही शेजारी बसवून त्याला काय हवे ते चित्रांनी का होईना, विचारावे.